करंगळीखालचा नॉब: एका स्ट्रॅटच्या वायरिंगच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

गिटार स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीची. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेच्या कंपनाची वीज करणारे, एकेका गुंडाळीचे भाग), पाच पोझिशनचा स्विच, व्हॉल्यूमचा एक नॉब, टोनचे (आवाजाची धार कमी करणारे) दोन. लाकूड चांगलं आहे, मान हाताला बसली आहे, फ्रेट मागच्या वर्षीच घासून घेतलेत. त्यामुळे गिटार बदलायचा विचार नाही. पिकगार्डच्या (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) खाली जे काही आहे ते मात्र सगळं बदलायचं.

कारण एकच. मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथीला असतो: भावगीतं, नाट्यगीतं, जुनी चित्रपटगीतं. मुखड्याआधीचा तुकडा पूर्ण आवाजात वाजवायचा, गायिकेने सूर लावला की मागे यायचं, दोन ओळींच्या मधे जागा भरायची, पुन्हा मागे. हे सगळं उजव्या हाताच्या करंगळीने व्हॉल्यूमचा नॉब फिरवून होतं. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासून हा नॉब तारांच्या इतका जवळ आहे की पिक न सोडता करंगळी तिथे पोचते. साथीसाठी यापेक्षा सोयीची रचना मला दुसऱ्या कुठल्याही गिटारवर सापडलेली नाही.

पण या गिटारचा आवाज कमी केला की सूरच मळतो. गेल्या महिन्यात तालमीनंतर आमची गायिका म्हणाली, "दादा, मी गायला लागले की तुमची गिटार उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसते." तिने नेमकं बोट ठेवलं. आवाज कमी व्हायला हवा, पण सूर त्याच खोलीत राहायला हवा. गणपतीचे कार्यक्रम २७ ऑगस्टपासून. तोपर्यंत हे जमवायचं.

दुसरं दुखणं हमचं, म्हणजे अ‍ॅम्पमधून येणाऱ्या गुणगुणीचं. मांडवात दिव्यांचे डिमर सुरू झाले की माझी गिटार आधी बोलायला लागते.

७ जून

सगळे विचारतात, "कुठले पिकअप टाकतोयस?" मी आधी आत काय आहे ते मोजायचं ठरवलं. तारा सैल केल्या, पिकगार्डचे स्क्रू काढले, सगळा संच उलटा करून जुन्या चादरीवर ठेवला.

पिकअप सिरॅमिक चुंबकाचे निघाले. लोखंडी खिळे सहा आणि खाली चिकटवलेली चुंबकाची पट्टी. मूळ स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये ते सहा खिळे म्हणजेच अल्निको या मिश्रधातूची चुंबकं असतात. इथे खिळे फक्त चुंबकत्व वर आणून देतात. रोध ६.८ किलोओहमच्या आसपास. मित्राच्या प्रयोगशाळेतल्या एलसीआर मीटरवर इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) ३.४ हेन्री भरला. लोखंडाच्या गाभ्याने इंडक्टन्स वाढतो आणि त्यात फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे वरच्या कंपनसंख्यांचं टोक बोथट होतं. म्हणजे आवाज थोडा जाड आणि बंद येणार. ऐकायलाही तसाच येतो.

खरी गोष्ट मात्र पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीवर छापलेली होती: बी५००के. तिन्हीवर. बी म्हणजे लिनिअर (सरळ रेषेत उतरणारा), आणि पाचशे किलोओहम. सिंगल कॉइलच्या गिटारला साधारणपणे ए२५०के बसवतात, ए म्हणजे लॉग (कानाला सारखा वाटेल असा उतरणारा). कान आवाज सरळ रेषेत मोजत नाही. लिनिअर पॉट निम्म्यावर आणला तर व्होल्टेज निम्मं होतं, म्हणजे फक्त ६ डेसिबल उतरतात. कानाला वाटतं, फारसं काही झालंच नाही. मग पुढच्या थोड्याशा फिरवण्यात आवाज धाडकन खाली पडतो. माझी करंगळी इतकी वर्षं त्या शेवटच्या अरुंद पट्ट्यात कसरत करत होती.

कॅपॅसिटर ४७३, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. पिकअपच्या खोबणीत शील्डिंग (बाहेरची खरखर अडवणारं धातूचं अस्तर) नाही, काळा रंगसुद्धा नाही. मागच्या स्प्रिंगच्या पट्टीला लावलेली अर्थची तार हलवली की मीटरची पिपाणी वाजते आणि बंद होते: ड्राय सोल्डर. कथील वरवर बसलंय, धातूला धरलेलं नाही. कारखान्यातून असंच आलं होतं.

१४ जून

आज फक्त आवाज ऐकला. तारा पुन्हा चढवल्या, ती अर्थची तार तात्पुरती नीट डाग देऊन पक्की केली, अ‍ॅम्प लावला.

हम म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो त्यात दोन वेगळी जनावरं असतात आणि दोघांवर औषध वेगळं आहे. एक खोल, गोल, ५० हर्ट्झचा सूर. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये उतरतो. खुर्चीवर बसून गिटारसह हळूहळू वळलो तर एका दिशेला तो जवळजवळ नाहीसा होतो आणि तिथून काटकोनात वळलं की पूर्ण अंगात येतो. कॉइल क्षेत्राला आडवी झाली की पकडत नाही, इतकं सरळ आहे. दुसरी खरखर: पातळ, टोचरी, चरचरणारी. ट्यूबलाइटचा जुना चोक, डिमर, चार्जर यांच्याकडून येते, विद्युत क्षेत्रातून. तारांना हात लावला की ती बसते, हात काढला की उठते.

तांब्याची पट्टी लावून दुसरी जाते. पहिली जात नाही. पातळ तांबं ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवूच शकत नाही. खूप जण शील्डिंग करतात, गोल हम तसाच राहिलेला ऐकतात आणि निराश होऊन म्हणतात, पैसे पाण्यात गेले. त्यांचं काम फुकट गेलेलं नसतं, त्यांना फक्त कोणी हा फरक सांगितलेला नसतो.

पहिल्यासाठी उपाय म्हणजे उलट गुंडाळलेली आणि उलट चुंबकाची दुसरी कॉइल. तारेचा सूर दोन्ही कॉइलमध्ये एका दिशेने येतो आणि बेरीज होते. बाहेरून आलेला हम विरुद्ध दिशेने येतो आणि वजा होतो. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत १९५५ साली याच तत्त्वावर हम्बकर (दोन कॉइलचा पिकअप) बनवला. स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप असा उलटा घेतला की स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे तो शेजारच्या पिकअपबरोबर चालतो, हम जातो. माझ्या जुन्या संचात तिन्ही पिकअप एकसारखे आहेत, त्यामुळे कुठेच जात नाही.

२१ जून

पालख्या पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे बुधवार पेठेतली खरेदी पुढच्या आठवड्यावर. घरी बसून गणित केलं आणि ते केल्यावर कामाचा क्रमच बदलला.

माझी सहा मीटरची केबल मल्टिमीटरच्या कॅपॅसिटन्सवर लावली, दुसरं टोक मोकळं ठेवून. ७८० पिकोफॅरड. मीटरला १३० पडले, हे जास्त आहे. आता व्हॉल्यूम विजेच्या हिशेबाने निम्म्यावर असताना केबलला समोरून किती रोध दिसतो? पाचशेच्या पॉटचे दोन भाग अडीचशे-अडीचशे, ते समांतर पडतात, म्हणजे साधारण १२५ किलोओहम. १२५ किलोओहम आणि ७८० पिकोफॅरड यांची गाळणी १६३० हर्ट्झच्या आसपासपासून वरचं कापायला लागते. पिकअपचा स्वतःचा रोध मी यात धरलेला नाही, ढोबळ हिशेब आहे. तरी उत्तर बोलकं आहे: व्यंजनासारखा जो टोकदार भाग सुराला उठाव देतो तो याच्या वरच असतो. शेजारची खोली सापडली.

तीच केबल ठेवून पॉट अडीचशेचा केला तर रोध ६२.५ किलोओहम आणि कापणी ३२६० हर्ट्झच्या आसपास. केबलही बदलून ५२० पिकोफॅरडची घेतली तर सुमारे ४९०० हर्ट्झ. पिकअपला हातसुद्धा न लावता कापणीची रेषा तिप्पट वर गेली.

केबलचा दुसरा परिणामही आहे. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कॅपॅसिटन्स मिळून एक अनुनाद, म्हणजे एका ठरावीक कंपनसंख्येला उठणारं टोक, तयार होतो. स्ट्रॅटचा जो 'चकाकणारा' आवाज आपण म्हणतो तो या टोकावर बसलेला असतो. जुने पिकअप आणि जुनी केबल: २९०० हर्ट्झच्या आसपास. २.४ हेन्रीचा अल्निको पिकअप आणि नवी केबल: ४१०० च्या आसपास. यातला काही भाग पिकअपमुळे आणि काही निव्वळ केबलमुळे. लोक पिकअपवर हजारो रुपये घालतात आणि तीच जुनी लांबलचक केबल वापरतात, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

ठरलेला क्रम: केबल, पॉट, शील्डिंग, मग पिकअप, आणि सगळ्यांत शेवटी व्हॉल्यूमवरचा ट्रेबल ब्लीड (नॉब खाली आणला तरी वरच्या कंपनसंख्या टिकवणारी जोडणी). प्रत्येक टप्प्याला तोच तुकडा, त्याच सेटिंगवर, फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा.

२८ जून

बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या मागची सुट्या भागांची दुकानं. यादीत अडीचशेचे लॉग पॉट.

"अडीचशे येत नाही. दोनशे वीस घ्या, नाहीतर चारशे सत्तर."

"लॉग आहेत?"

काकांनी डबा पालथा केला, पाठ वाचली. "चारशे सत्तर लॉग आहे. दोनशे वीस सगळे लिनिअर."

४७० चे दोन घेतले. ५६० किलोओहमचे रेझिस्टर घेतले, कारण ४७० च्या दोन टोकांवर ५६० समांतर लावला की पिकअपला २५५ दिसतात. व्हॉल्यूमच्या जागी चाचणीसाठी हे चालतं. टोनच्या जागी ही युक्ती वापरू नये, तिथे पॉट नुसता बदलता रोध म्हणून लागतो आणि समांतर रेझिस्टरने त्याची चाल बिघडते. खरे ए२५०के मागवलेत, कुरिअरने येतील.

बाकी: पॉलिस्टर कॅपॅसिटर १०३, २२३, ४७३, १ नॅनोफॅरड आणि ६८० पिकोफॅरडचे छोटे, १२० आणि १५० किलोओहमचे रेझिस्टर, साठ-चाळीसची कथलाची तार, कापडी वेष्टनाची वायर त्यांच्याकडे नव्हती, साधी लवचीक घेतली. कापडी वायर दिसायला सुंदर असते, आवाजात तिचं काही नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी साबुदाणा खिचडी, दुपारी मगरचिमटे. पॉट पिकगार्डमध्ये न बसवता बाहेरच चिमट्यांनी जोडले, म्हणजे पटकन अदलाबदल करता येते.

पूर्ण व्हॉल्यूमवर ४७० आणि २५५ यांतला फरक स्पष्ट ऐकू येतो. ४७० वर अनुनादाचं टोक उंच राहतं, वरच्या तारांवर काचेची कड येते. २५५ वर ते टोक थोडं दबतं. एकट्याने वाजवताना ४७० आवडला. मग गायिकेच्या रेकॉर्डिंगवर वाजवून बघितलं आणि तिच्या 'स', 'श' च्या जागेत गिटार घुसत असल्याचं लक्षात आलं. २५५ वर दोघं एकमेकांना जागा देतात. अडीचशेच राहणार.

लॉगची चाल मात्र पहिल्याच फिरवण्यात पटली. नॉबवरच्या दहापासून चारपर्यंत आवाज सलग उतरतो, मधे पायरी नाही. पिक मारताना आवाज बंद ठेवून मग नॉब उघडत गेलं की सूर व्हायोलिनच्या गजासारखा उगवतो. जुन्या लिनिअर पॉटवर तो उगवत नव्हता, उडी मारत होता.

मुळात विजेवर चालणारा पिकअप हा हवाईयन गिटारसाठीच आधी बनला, १९३१ साली, जॉर्ज बीचम (Beauchamp) यांच्या हातून. आपल्याकडे हवाईयन गिटारवर भावगीतं वाजवणाऱ्यांची एक पिढीच होऊन गेली. पोलादी कांब तारेवरून सरकवायची आणि करंगळीने व्हॉल्यूम उघडत मींड घ्यायची हे त्यांचं तंत्र. मी जे मागतोय ते नवीन नाही, आणि म्हणूनच ते जमवता येतं याची मला खात्री आहे.

१३ जुलै

शील्डिंग. दिवसभराचं काम, आणि यात घाई करण्यासारखं काही नाही.

सगळं काढून खोबण पॉलिश पेपरने हलकी घासली, स्पिरिटने पुसली. पावसाळ्यात लाकडाला ओल असते, त्यामुळे हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली, नाहीतर गोंद धरत नाही. तांब्याची चिकटपट्टी आधी तळाला, मग भिंतींना, आणि काठावर वर आणून थोडी दुमडली, म्हणजे पिकगार्डच्या मागच्या पट्टीला ती टेकते. कोपऱ्यांत नखाने दाबली तर फाटते. आइस्क्रीमची लाकडी काडी उत्तम.

पट्टीचा गोंद वीज वाहून नेतो असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नये. प्रत्येक जोडावर कथलाचा एक छोटा ठिपका दिला आणि मीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासलं. अर्ध्या ओहमच्या आत. जॅकच्या खोबणीलाही पट्टी लावली आणि तिथून एक तार आत आणली. जिथे पिकअपचे किंवा स्विचचे पाय तांब्याला टेकू शकतात तिथे इन्सुलेशन टेप. नाहीतर सगळं जोडून झाल्यावर एखाद्या पोझिशनला आवाज गायब होतो.

गिटारमध्ये सगळे अर्थ एकाच बिंदूला आणले पाहिजेत असा आग्रह बऱ्याच ठिकाणी असतो. साध्या, बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये अर्थच्या तारेतून वाहणारा प्रवाह इतका नगण्य असतो की त्याने हम होत नाही. प्रत्येक गोष्ट अर्थला पक्की जोडलेली असणं महत्त्वाचं. कुठल्या वाटेने, ते नाही.

स्प्रिंगच्या पट्टीची तार काढून नवी लावली. पट्टी जाड, उष्णता खाते, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथे डाग बसत नाही. आधी फाईलने पट्टी चमकेपर्यंत घासली, फ्लक्स लावला आणि मित्राकडचा ६० वॅटचा आयर्न वापरला. कथील पाण्यासारखं पसरलं तेव्हाच थांबलो.

१९ जुलै

पिकअप आले. अल्निको ५, तिघांचा संच, मधला उलटा. रोध नेक (मानेकडचा) ५.९, मधला ६.०, ब्रिज (तारांच्या बुडाकडचा) ६.३ किलोओहम. आत ४२ गेजची तार, तांब्याचा व्यास जेमतेम ०.०६३ मिलिमीटर, आणि असे साडेसात-आठ हजार फेरे. बाहेर येणाऱ्या दोन तारांना झटका द्यायचा नाही, आतलं टोक तुटलं तर पिकअप पुन्हा गुंडाळावा लागतो.

बसवण्याआधी मधला खरंच उलटा आहे का ते तपासलं. होकायंत्र नेकच्या खिळ्यांवर नेलं, सुई एका बाजूला वळली. मधल्यावर नेलं, सुई पूर्ण फिरून दुसरं टोक पुढे आलं. ब्रिज नेकसारखा. चुंबक ठीक.

आता गुंडाळीची दिशा. यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर लागतो, आकड्यांचा नाही. मीटर पिकअपला जोडला, सगळ्यांत खालच्या मिलिअँपियरवर ठेवला, स्क्रूड्रायव्हरचं टोक खिळ्यांवर अलगद टेकवलं आणि झटकन वर ओढलं. काटा किंचित उजवीकडे उडाला. दुसऱ्या पिकअपला तसंच. तिघांचा काटा एकाच बाजूला उडतो, म्हणजे तारेच्या हालचालीला तिघं एका दिशेने बोलतात. चुंबक उलटा असूनही मधल्याचा काटा त्याच बाजूला, याचाच अर्थ त्याची गुंडाळीही उलटी. हा काटा उडताना बघणं मला फार आवडतं. कॉइल, चुंबक, हालचाल आणि वीज, फॅरेडेने १८३१ साली दाखवलेली गोष्ट जेवणाच्या टेबलावर.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावणाऱ्याने ही तपासणी चुकवू नये. काटे विरुद्ध उडाले आणि तसेच जोडले, तर दोन पिकअप मिळून पातळ, नाकातला आवाज येतो.

२० जुलै

वायरिंग. स्विच नवा घेतला, उघड्या पात्यांचा, दोन बाजूंना चार-चार पाय. १९७७ पर्यंत फेंडर तीनच पोझिशनचा स्विच द्यायचे. वादक तो मधे अडकवून दोन पिकअपचा मिश्र आवाज काढायचे. त्यातून पाचवाला आला.

एका बाजूला तिन्ही पिकअप, तिथला सामाईक पाय व्हॉल्यूमच्या पहिल्या पायाला. व्हॉल्यूमचा मधला पाय जॅकच्या टिपला, तिसरा पॉटच्या पाठीला आणि अर्थला. दुसऱ्या बाजूने टोन. मूळ रचनेत एक टोन नेकला, दुसरा मधल्याला, आणि ब्रिजला काहीच नाही. ब्रिज हा सगळ्यांत टोचरा पिकअप आणि त्यालाच टोन नाही, हे मला कधीच पटलं नाही. स्विचच्या दुसऱ्या बाजूला मधल्याचा आणि ब्रिजचा पाय छोट्या तारेने जोडला. आता खालचा टोन दोघांना चालतो.

टोनचा कॅपॅसिटर ०.०२२. टोन पूर्ण बंद केल्यावर ०.०४७ मध्ये अनुनाद ४७५ हर्ट्झच्या आसपास सरकतो, ०.०२२ मध्ये ७०० च्या आसपास. पहिल्यात खर्जाच्या तारा नुसत्या घुमतात. दुसऱ्यात सूर गोल होतो पण ओळखू येतो. कॅपॅसिटरच्या जातीवर, रंगावर, जुनेपणावर पैसे घालू नयेत. मोजून एकाच मूल्याचे दोन वेगळ्या जातीचे लावून बघितले, या जागी कानाला फरक नाही. फरक मूल्याचा.

नेक आणि ब्रिज एकत्र हा आवाज पाचच्या स्विचमध्ये मिळत नाही, आणि मला तो हवा आहे: खालून भरलेला, वरून मोकळा, गझलेच्या आलापामागे छान बसतो. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या काळ्या स्ट्रॅटवर यासाठी एक छोटा टॉगल (वर-खाली होणारा स्विच) होता. खेचून चालणारा पुश-पुल पॉट लावायचा होता, पण माझ्या गिटारची खोबण उथळ आहे, तो तळाला टेकतो. म्हणून पिकगार्डमध्ये दोन नॉबच्या मधे ६ मिलिमीटरचं भोक पाडून मिनी टॉगल बसवला. तो खाली केला की नेक कायम जोडलेला राहतो. ध्यानात ठेवायचं: नेक आणि ब्रिज दोघं एकाच दिशेचे, त्यामुळे या जोडीत हम कापला जात नाही.

नव्या पॉटचे दांडे जाड निघाले, भोकं ९.५ मिलिमीटरपर्यंत मोठी करावी लागली. रीमरने, हाताने, हळूहळू. ड्रिलने प्लास्टिक तडकतं. मागवलेले ए२५०के मोजले: २१८, २४१, २६२. वीस टक्के इकडे-तिकडे चालतं असं गृहीतच असतं. २६२ चा व्हॉल्यूमला.

संध्याकाळी तारा चढवल्या. खरखर गेली. पूर्ण गेली. तारांवरून हात काढला तरी उठत नाही. गोल हम पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या पोझिशनला आहे तेवढाच. दुसऱ्या आणि चौथ्याला शांत.

२६ जुलै

ट्रेबल ब्लीड, म्हणजे ज्यासाठी हे सगळं चाललंय ते.

नवा पॉट, नवी केबल यांनी बराच फरक पडला आहे. पण नॉब सात-आठवर आला की अजून किंचित पडदा येतो. लॉग पॉटवर विजेचा निम्मा भाग तिथेच पडतो आणि साथीला माझा नॉब बहुतेक वेळ तिथेच असतो. उपाय म्हणजे व्हॉल्यूमच्या पहिल्या आणि मधल्या पायामध्ये छोटा कॅपॅसिटर, जो वरच्या कंपनसंख्यांना वळसा देऊन पुढे सोडतो.

नुसता ६८० पिकोफॅरड: सातवर छान, पण चारच्या खाली फक्त वरचं राहतं, सूर पत्र्यासारखा वाजतो. चालणार नाही. ६८० च्या समांतर १५० किलोओहम: पत्रा गेला, पण रेझिस्टरने पॉटची चालच बदलली, वरचा उतार आखडला आणि खाली सगळं एकदम पडायला लागलं. जी चाल मिळवण्यासाठी लॉग पॉट लावला तीच गेली. गिटार सतत दहावर ठेवणाऱ्याला हे चालेल, मला नाही.

मग १ नॅनोफॅरड आणि १२० किलोओहम एकामागे एक, सिरीजमध्ये. रेझिस्टर कॅपॅसिटरच्या मागे असल्याने खालच्या सुरांना ही वाट बंदच असते, पॉटची चाल जवळजवळ तशीच राहते. आणि वरच्यांना वाट मिळते, पण मोजून. 'नी' वरून 'सा' ला जाणारी मींड दहावर घेतली, मग सातवर, मग चारवर. तिन्ही वेळा तोच सूर, फक्त लांबून. रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. हेच ठेवलं, पायांवर नळी चढवली, डाग पक्का केला.

३ ऑगस्ट

पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खर्जाच्या बाजूला २.४ मिलिमीटर, बारीक तारेच्या बाजूला २. अल्निकोचे खिळे स्वतः चुंबक असल्याने जवळ आणले की तारेला ओढतात. नेकचा पिकअप वर असताना जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच सुरात दोन सूर लढताना ऐकू येतात. नेक ३ मिलिमीटरपर्यंत खाली नेला, लढाई थांबली.

या संचात खिळ्यांची उंची जुन्या पद्धतीची, कमी-जास्त आहे. तिसऱ्या तारेखालचा उंच, कारण तेव्हा ती तार गुंडाळलेली असायची. आता ती साधी असते आणि त्यामुळे जरा जास्तच बोलते. खिळा ठोकून खाली न्यायचा नाही, आतली कॉइलची तार तुटते. एक नंबर बारीक तिसरी तार लावली, पुरेसं झालं.

१० ऑगस्ट

तालीम. गायिकेला काही सांगितलं नाही. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात मी मागे आलो तेव्हा तिने मान वळवून बघितलं आणि गात राहिली. नंतर म्हणाली, "आज तुमचा सूर धरून गाता आलं मला." तबलजींनी टॉगल पाहून विचारलं, "हे बटण कसलं?" त्यांना नेक-ब्रिज वाजवून दाखवला. आलापाला तोच ठेवा, म्हणाले.

२९ ऑगस्ट

मांडवातला पहिला कार्यक्रम. ही नोंद गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी असं मला वाटतं.

साउंड चेकला तारांवर हात होता आणि गायिकेचा माइक हलवायला दुसरा हात पुढे केला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. लगेच हात मागे. मीटर पिशवीत असतोच: तारा आणि माइकची जाळी यांमध्ये ए.सी. ११० व्होल्टच्या आसपास. २३० च्या साधारण निम्मं आलं की समजायचं, एका उपकरणाचा अर्थ तुटलाय. आतल्या फिल्टरचे दोन कॅपॅसिटर मधला बिंदू निम्म्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतात. मिक्सरचं एक्स्टेंशन दोन पिनांचं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, मिक्सर आणि अ‍ॅम्प दोन्ही तीन पिनांच्या एकाच बोर्डवर घेतले, अर्थ तपासला. पुन्हा मोजलं: एक व्होल्टच्या आत. तेव्हाच गायिकेला माइकपाशी येऊ दिलं.

गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे लोक मी पाहिलेत. हे कधीही, कोणत्याही कारणासाठी करू नये. माइकला हात किंवा ओठ लावण्याआधी मीटर लावावा. नसेल तर निदान टेस्टर तरी.

कार्यक्रम चांगला झाला. डिमर पूर्ण चालू असताना चौथ्या पोझिशनला गिटार शांत राहिली.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली, कार्यक्रम संपले. आज तारा बदलल्या, आत एकदा डोकावून सगळे डाग तपासले. सर्किटचं चित्र पेन्सिलने काढून, मूल्यांसकट, मागच्या झाकणाच्या आतून चिकटवलं. पुढे ही गिटार उघडणाऱ्याला शोधत बसायला नको.

शिल्लक दोन कामं. ब्रिज पिकअप अर्धा मिलिमीटर खाली न्यायचा, एकट्याने वाजतो तेव्हा बाकीच्यांपेक्षा पुढे येतो. आणि जुने सिरॅमिक पिकअप टाकायचे नाहीत: एका विद्यार्थ्याच्या गिटारमधला नेकचा पिकअप मेलाय, त्यात हा बसेल. त्याच्याकडेही पॉट बी५००के आहेत. ते आधी बदलू.